आजोबांच्या वाट्याचं जाळं

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून जाळं ओढणाऱ्या गटात, उभं राहायचं तर आधी जाळं लागतं. मालवण तालुक्यातल्या तळाशीलला मी कायमचा राहायला आलो तेव्हा आमच्या घराचा रापणीतला वाटा बरीच वर्षं रिकामा होता. आजोबा त्या वाट्यावर जगले. वडील मुंबईला गिरणीत लागले, १९८२ च्या संपात गिरणी गेली तरी लालबाग सोडून परतले नाहीत, आणि गावाकडचा वाटा काकांनी सांभाळला. पुढे काकांचा उजवा खांदा निकामी झाला. घरात ओढणारं दुसरं माणूस नव्हतं. आमचं जाळं गुंडाळून माळ्यावर गेलं आणि उंदरांनी ते कुरतडून संपवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर रापण संघाची बैठक देवळाच्या ओसरीवर बसते. काका मला तिथे घेऊन गेले. काय बोलायचं ते मी घरून जुळवून आलो होतो, पण मला कुणी विचारलंच नाही. काका एवढंच म्हणाले, "भावाचो झील. उभो रवतलो म्हणता." रापणीचे म्होरके म्हणजे तांडेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. "तुझ्या आजाचो वाटो खंय गेलो नाय," ते म्हणाले. "पण वाटो वहीत नसता, जाळ्यात असता. जाळा घेवन ये."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते अर्धवर्तुळात पाण्यात सोडत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर उभी असलेली माणसं ओढतात. ते ओढणाऱ्या गटालाही रापणच म्हणतात. या जाळ्याला एक मालक नसतो. प्रत्येक घर आपापला तुकडा आणतं, ते तुकडे एकमेकांना जोडले की पूर्ण जाळं उभं राहतं. जाणता माणूस वाळूत पसरलेल्या जाळ्याच्या कडेने चालत जातो आणि सांगतो, हा तुकडा अमक्यांचा, हा त्यांच्या चुलत्यांचा, इथे गाठ जाड आहे म्हणजे हा थोरल्या घराचा. एखादं घर मुंबईला गेलं की तेवढी लांबी कमी होते आणि तेवढं पाणी वेढायचं राहून जातं. गाव किती ओस पडलं हे मला शिरगणतीपेक्षा या जाळ्यावरून नीट कळलं.

तळाशील म्हणजे तोंडवळी गावाचं दक्षिणेकडचं टोक. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला गड नदीची कालावल खाडी, आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. माडांची बनं, सुरूची झाडं, त्यांच्या आडोशाला घरं. काही ठिकाणी घराच्या पुढच्या दारातून समुद्र दिसतो आणि मागच्या दारातून खाडी. टोकावर उभं राहिलं की समोर सर्जेकोट. होडीने पलीकडे जायला थोडकाच वेळ लागतो, रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. पट्टी दोन्ही बाजूंनी झिजते आहे. पावसाळ्यात समुद्र आत येतो, खाडीलाही पूर आला की किनारा कापला जातो. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे काळे दगड इथल्या माणसांच्या बोलण्यात रोज येतात: बंधारा कुठवर झाला, कुठे खचला, पुढचा टप्पा कधी. ज्या वाळूवर उभं राहून रापण ओढायची ती वाळूच कमी होत चालली आहे. बंधारा आला की घरं वाचतात, पण दगडांच्या जागी दोर ओढता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि बैठकीत दोन्हींवर तावातावाने बोललं जातं.

जून आणि जुलै हे बंदीचे महिने. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जायला मनाई असते. रापणीला इंजिन नाही, ती या बंदीत येत नाही, पण पावसाळी लाटांपुढे ती तशीही टाकता येत नाही. मग ही वेळ जाळ्यांची. आमच्या खळ्यात पत्र्याखाली काका एका बाजूला बसायचे, मी दुसऱ्या. नायलॉनचं तयार जाळं आता बाजारात मिळतं, तेच मी मालवणहून आणलं. पण तयार जाळं म्हणजे नुसतं कापड. ते दोरावर चढवावं लागतं. वरच्या दोराला तरंगणारे फ्लोट, खालच्या दोराला शिशाचे मणी, आणि जाळं दोरावर घेताना ते किती सैल सोडायचं याचा अंदाज. ताणून बांधलं तर मासा धडकून परततो. फार सैल सोडलं तर पाण्यात गोळा होतं. काका बोटांनी मोजायचे. माझं माप चुकलं की काही न बोलता गाठ सोडायचे आणि दोर पुन्हा माझ्या मांडीवर टाकायचे.

त्यांच्या लहानपणी जाळी तागाची होती. सुताची वीण घरोघरी चालायची. जाळं कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीचा काढा मोठ्या भांड्यात उकळून त्यात जाळी बुडवत. दोर काथ्याचे असत, भिजले की दुप्पट जड होत. "तेवा दोर वढूक नाय, दोर उचलूक माणसा लागत," असं काका सांगत. नायलॉन आलं, ओझं कमी झालं, आणि ओढणारी माणसंही कमी झाली. ती नायलॉनमुळे कमी झाली असं मी म्हणणार नाही. शाळा, मुंबई, जहाजावरच्या नोकऱ्या, पर्यटनाच्या होड्या, सगळ्यांनी मिळून नेली.

त्या महिन्यांत जेवणात ताजी मासळी क्वचितच. उन्हाळ्यात खारवून सुकवलेला बांगडा, सुकट, गोलमो, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाची पेज. काकी डबे दाखवून सांगायची की हा नारळी पौर्णिमेपर्यंत पुरायला हवा. गाबीत, म्हणजे आमच्या मच्छीमार समाजाच्या, घरातल्या बायकांचं पावसाळ्याचं नियोजन हा स्वतंत्र विषय आहे. समुद्र बंद असताना घर कसं चालवायचं हे त्यांनी ठरवलेलं असतं आणि पुरुषांना ते जेवायला बसल्यावरच कळतं.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, तरी रापण लगेच पडत नाही. लाटा बसाव्या लागतात, पाण्यातला गढूळपणा जावा लागतो. माझा तुकडा सप्टेंबरच्या शेवटाकडे बाकीच्या जाळ्याला जोडला गेला. तांडेलांनी स्वतः येऊन शिवण तपासली, दोन ठिकाणी ओढून पाहिलं, आणि पुढे गेले. काका मागे उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की शिवण पास झाली.

पहिल्या पहाटेची हाक मोबाइलवर आली. पूर्वी एकजण वाडीतून हाळी देत फिरायचा, आता संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तांडेलांचा मुलगा दोन शब्द टाकतो. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अंधार होता आणि सगळे शांत उभे होते, कारण तांडेल पाणी पाहत होते. पाण्यातला मासा वरून कसा दिसतो हे मी पुष्कळदा विचारलं आणि मला दर वेळी निराळं उत्तर मिळालं. कुणी म्हणतो पाण्याचा रंग काळसर होतो. कुणी म्हणतो वारा नसताना एकाच जागी पाणी थरथरतं. पक्षी कुठे उतरतात ते पाहायचं, काल शेजारच्या किनाऱ्यावर काय लागलं ते लक्षात ठेवायचं, ओहोटी कधी लागणार त्याचा हिशेब करायचा. तांडेल हे सगळं एकदम करतात. त्या दिवशी बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पाणी बरा आसा. होडी काढा."

होडी वाळूवरून ढकलून पाण्यात घालणं हेच मोठं काम. ओंडक्यांवरून ती सरकवायची, लाट मागे गेली की पुढे रेटायची. आत जाळं रचलेलं असतं आणि त्याची घडी उलट क्रमाने पडावी लागते, म्हणजे सोडताना गुंता होत नाही. एका दोराचं टोक आमच्याकडे ठेवून होडी निघाली. वल्ह्यांवर तरणी पोरं, मागे जाळं सोडणारे दोघे. आधी दोर पाण्यात गेला, मग जाळ्याची एक बाजू, मग मधली पिशवी, जिला इथे खोलो म्हणतात, मग दुसरी बाजू, आणि शेवटी दुसरा दोर घेऊन होडी आमच्यापासून बरीच दक्षिणेला किनाऱ्याला लागली. आम्ही उत्तरेचा गट, ते दक्षिणेचा. मधे अर्धा-पाऊण किलोमीटर पाणी वेढलेलं.

आणि मग ओढणं. मी शहरात व्यायामशाळेत गेलेला माणूस, हातात ताकद होती. ती पहिल्या दहा मिनिटांत संपली. माझ्या पुढे सत्तरीचे एक आजोबा होते, ते एका लयीत मागे मागे येत होते आणि त्यांना धापही लागली नव्हती. त्यांनी मागे न वळता सांगितलं, "हातान वढू नको झिला. पायान वढ." टाच ओल्या वाळूत रुतवायची, दोर कंबरेजवळ धरायचा, आणि अंगाचं वजन मागे टाकायचं. हात फक्त पकडीपुरते. लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा ती जाळं आपल्या बाजूला ढकलते, तेव्हा ओढायचं. लाट परत जाते तेव्हा फक्त धरून राहायचं. हे अंगात यायला मला बरेच दिवस लागले, पण एकदा आलं की समुद्र आपल्याबरोबर ओढतो आहे असं वाटतं, आणि ते खरंच असतं.

रांगेत सगळ्यात मागे पोचलेला माणूस दोर सोडतो, चालत पुढे पाण्याच्या कडेला जातो आणि तिथून पुन्हा धरतो. म्हणजे सतत माणसं फिरत असतात. मागच्या टोकाला एकजण दोराची वेटोळी घालत बसतो, ते काम वय झालेल्यांचं. कुणी एक ओळ म्हणतो, बाकीचे उचलून धरतात. मधेच कुणी थट्टा करतो, कुणी कालच्या भांडणाचा विषय काढतो. रापणीच्या दोरावर गावातली सगळी बातमी कळते. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या जमिनीला कुणी भाव विचारला, कुणाचा मुलगा जहाजावरून उतरला. दोन तास एकमेकांच्या पाठीला तोंड करून उभं राहायचं असतं, त्यामुळे समोरासमोर जे बोलता येत नाही ते इथे बोललं जातं. ज्यांच्यात बोलणं बंद आहे अशा दोन भावांना मी एकाच दोरावर पाहिलं आहे. बोलत नव्हते, पण पावलं बरोबर पडत होती.

दोन्ही गट ओढता ओढता एकमेकांकडे सरकत येतात. जाळं जवळ आलं की फ्लोटची रांग पाण्यावर दिसायला लागते आणि तिच्या आत पाणी उकळल्यासारखं हलतं. तेव्हा आवाज चढतात. काहीजण गळ्याएवढ्या पाण्यात उतरून खालचा दोर पायाने वाळूत दाबतात, नाहीतर मासा खालून निसटतो. वरचा दोर हाताने उचलून धरतात, कारण तारली उडी मारून पार होते. पोरं बाजूंनी पाणी बडवतात. तांडेल ओरडत असतात, "सावकाश! सावकाश! खोलो येता हा!" हा शेवटचा भाग घाईने केला तर जाळं फाटतं, रेंगाळलो तर मासा वाट शोधतो.

त्या दिवशी खोल्यात तारली होती. आधी चंदेरी ढीग दिसला, मग त्यात बांगडे, पेडवे, थोडी सुंगटं, काही लेपे, वाळूत अंग चोरणारी एक वागळी. आजोबांच्या काळात एवढी तारली लागायची की ती खाऊन, विकून उरायची आणि तिची कुटी करून माडांना घालायचे, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या मानाने ही थोडी असणार. पण मला तेवढ्यातच गहिवरून आलं आणि मी ते लपवलं नाही.

विभागणीचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याबद्दल बाहेर फार कमी बोललं जातं. व्यापारी येतात, बर्फाची गाडी रस्त्यावर उभी असते, मोठा माल लिलावात जातो आणि पैसा संघाकडे जमा होतो. त्यातून होडीचा वाटा निघतो, जाळ्याचे वाटे निघतात, ओढणाऱ्या माणसांचे वाटे निघतात. ज्याचं जाळं आहे आणि जो ओढायलाही आहे त्याला दोन्ही. ज्याचं जाळं आहे पण घरात ओढायला कुणी नाही त्याला जाळ्यापुरतं. आणि लिलावाआधी कालवणाची मासळी बाजूला काढली जाते. दोराला ज्याचा ज्याचा हात लागला त्याला कालवणापुरतं मिळतं. वाटेने जाणारा पर्यटक मजेने दहा मिनिटं ओढून गेला तरी त्याच्या पिशवीत चार बांगडे पडतात. आजारी माणसाच्या घरी जातं, ज्या घरात म्हातारी एकटी आहे तिथे जातं, देवळाच्या नावाने जातं. हे कुणी उपकार म्हणून करत नाही आणि घेणाराही मान खाली घालत नाही. काकी मला म्हणाली, काकांचा खांदा गेल्यावर आपल्या चुलीवरचं कालवण रापणीने कधी बंद पडू दिलं नाही. मी मुंबईत होतो, मला हे माहीतच नव्हतं.

उरलेली मासळी टोपल्यांतून बायका नेतात. काही आचऱ्याच्या बाजारात, काही वाडीवाडीतून ठरलेल्या घरी. भावाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. लिलावात व्यापाऱ्याने पाडून मागितलं तर पुरुष चुळबुळ करतात, बायका सरळ टोपली उचलून चालायला लागतात आणि भाव वर येतो.

असे दिवस थोडे. बाकीच्या दिवसांचंही लिहायला हवं. झार म्हणजे जेलीफिश जाळ्यात भरली की खोलो ओढवत नाही, अंगाला लागली तर दिवसभर खाज आणि आग. केंड मासा तर जाळंच चावून फाडतो, मग मासे भोकातून गेलेले आणि पुढचा दिवस जाळं शिवण्यात. कधी दोन तास ओढून हाती फक्त कचरा, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाच्या तुटलेल्या जाळ्याचे तुकडे. कधी वादळ. २००९ चं फयान जुन्यांना आठवतं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आलं, ऐन हंगामात समुद्र वर चढला, किनाऱ्यावर ठेवलेल्या जाळ्यांचं नुकसान झालं. २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते माड आणि छपरं घेऊन गेलं. एकट्या रापणीवर घर चालत नाही. बहुतेकांकडे दुसरं काहीतरी आहे: गिलनेटची छोटी होडी, माडाचं उत्पन्न, पर्यटकांसाठी दोन खोल्या. माझंही संगणकावरचं थोडं काम चालू आहे, त्यावर घर चालतं आणि रापणीवर मन.

एकदा जाळ्यात कासव आलं. ऑलिव्ह रिडले, मोठी मादी, पुढचा पाय जाळ्यात पीळ घालून अडकलेला. सोडवायला वेळ लागला असता तर ती दमली असती, म्हणून तांडेलांनी विळा मागितला आणि जाळं कापलं. कापलेला तुकडा माझ्या शेजारच्या घराचा होता. त्या घरच्या माणसाने स्वतःच जाळं ताणून धरलं. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्यात अशी योजना आहे की संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर जास्तीत जास्त २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी कासवाचे आणि कापलेल्या जाळ्याचे फोटो लागतात, म्हणून पोरांनी फोटो काढले. पण विळा मागताना तांडेलांच्या डोक्यात योजना नव्हती. इथे कासवाला हात जोडूनच पाण्यात सोडतात, योजना येण्याच्या आधीपासून.

रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की दूर पाण्यावर पांढऱ्या प्रकाशाचे ठिपके दिसतात. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या नौका. प्रखर दिव्याकडे मासा गोळा होतो आणि एकाच वेळी उपसला जातो. केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, तरी दिवे दिसतात. पर्ससीन जाळ्याचा प्रश्न त्याच्याही आधीचा. पर्ससीन माशाच्या थव्याला भर समुद्रात वेढतं आणि खालून दोरी आवळून बंद करतं. तारली आणि बांगडा थव्याने फिरणारे मासे, त्यांच्यासाठी ते जाळं फार परिणामकारक आहे. रापण मासळीच्या मागे जाऊ शकत नाही. मासळी किनाऱ्याला यायची वाट पाहणं एवढंच तिच्या हातात असतं. वाटेतच थवा उचलला गेला की आमच्या दोराला वजन येत नाही.

गोव्यातल्या रापणकारांनी हीच लढाई १९७० च्या दशकात ट्रॉलर आणि पर्ससीनविरुद्ध लढली, त्यातून १९८० मध्ये तिथे सागरी मासेमारीचा कायदा आला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्यात पर्ससीन मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठेवली आणि परवान्यांची संख्या कमी करायचं ठरवलं. २०२१ मध्ये कायदा बदलून दंड लाखांत नेला. या सगळ्या तारखा आमच्या तांडेलांना पाठ आहेत, शाळा चौथीत सुटलेली असून. मोर्चा निघतो तेव्हा ते सदरा घालतात, एरवी नाही. मी त्यांच्यासोबत गेलो, निवेदनं टाइप केली, आणि माझ्या शहरी शिक्षणाचा रापणीला झालेला हा पहिला खरा उपयोग. आमची मागणी मोठी नाही. किनाऱ्यालगतचं पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राहू द्या, आणि जो नियम लिहिला आहे तो रात्रीही लागू करा. ही मागणी रास्त आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ती मान्य व्हायला आधीच उशीर झाला आहे.

समोरच्या बाजूलाही कष्टकरी खलाशीच आहेत हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यात काहींचे नातेवाईक आहेत. म्हणून हा राग मालकांवर असतो, खलाशांवर नाही, निदान समुद्रातून परत आल्यावर तरी नाही.

गावातही भांडणं होतात. एका किनाऱ्यावर एकापेक्षा जास्त रापणी असल्या की पाळी लागते, कुणी आधी टाकायची ते ठरलेलं असतं, आणि एखाद्या दिवशी मासळी दिसली की पाळीवरून आवाज चढतो. मग देवळात नारळ ठेवून विषय मिटतो. मिटतो म्हणजे खरंच मिटतो. दशावतारी नाटकाच्या रात्री तेच लोक एकाच चटईवर बसलेले असतात.

मे महिन्याच्या अखेरीस जाळं सोडवून प्रत्येक घर आपापला तुकडा घरी नेतं, आणि त्याआधी हिशेबाची बैठक होते. या वर्षीच्या बैठकीत शेजारच्या काकी आल्या. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले, मुलगा जहाजावर असतो, त्यांच्या घरचं जाळं क्यारच्या वेळी गेलं. तेव्हापासून त्यांच्या घरी कालवण जात होतं. त्या ओसरीच्या खाली उभ्या राहून म्हणाल्या, "माका फुकटचा नको. माका दोर होयो."

कुणीतरी मागून म्हणालं, बायल माणूस दोरार खंय उभी रवतली. त्यावर ज्या आजोबांनी मला पायाने ओढायला शिकवलं तेच बोलले, "मासळी इकूक बायल माणूस चलता, मगे दोर वढूक कित्याक नाय?" थोडा वेळ बरेच जण एकदम बोलत होते. मी बाजूने बोललो, काका बाजूने बोलले, दोघे-तिघे शेवटपर्यंत विरोधात राहिले. तांडेलांनी सगळ्यांचं ऐकलं आणि सांगितलं की त्या उत्तरेच्या दोरावर उभ्या राहतील, रांगेच्या मधे, आणि जाळ्याचा तुकडा मात्र आणावा लागेल, तो नियम सगळ्यांना सारखा. तुकड्याचे पैसे संघाने आत्ता द्यावेत आणि दोन हंगामांत त्यांच्या वाट्यातून थोडे थोडे कापून घ्यावेत असं ठरलं. दोरावर चढवायचं कसं ते मी दाखवीन, असं काकांनी सांगितलं. मग विषय दोरावर गेला, कारण दक्षिणेचा दोर दोन ठिकाणी झिजला आहे, आणि नवा घ्यायचा तर प्रत्येक घरामागे किती पडतील यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालला.